जगायला गेलेल्या बाया आणि महासाथ

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ‘स्थलांतर’ हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. तिथे म्हणतात, ‘जगायला गेली.’ भाताची झोडणी उरकली, दिवाळी सरली, की घराला कडी लागते आणि माणसे वसई, भिवंडीकडे उतरतात. कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी मिठागरात, कुणी इमारतीच्या कामावर, तर कुणी वसईच्या पश्चिम पट्ट्यात गिरीजसारख्या गावांमधल्या वाड्यांवर मजुरीला. शिमग्याला माणसे गावी जाऊन येतात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. वसईकडे येणारा दुसरा लोंढा दुरून येतो. उत्तर प्रदेश, बिहार, कोकण, मराठवाडा इथून आलेली कुटुंबे नालासोपारा पूर्वेच्या चाळींत राहतात आणि वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत राबतात. दोन्ही लोंढ्यांत बाई राबते, पण तिच्या कामाची नोंद सहसा होत नाही. कोरोनाच्या काळात मदत वाटली गेली ती नोंदी पाहून. विषाणूने पुरुष आणि बाई असा भेद केला नसेल, कागदाने मात्र केला.

ही नोंद कशी हुकते, ते भट्टीवर गेल्यावर कळते. रात्री दोन-तीनच्या सुमारास जोडपे उठते. बाई माती भिजवून गारा मळते आणि त्याचे गोळे नवऱ्यापुढे आणून ठेवते. नवरा साच्यात वीट थापतो. उजाडल्यावर ओल्या विटा पालथ्या घालायच्या, सुकल्या की डोक्यावरून वाहून रचायच्या, मधल्या वेळात भाकरी करायची आणि पोराला पाजायचे. दर ठरतो हजार विटांमागे, आणि तो ‘जोडी’चा असतो. हंगामाआधीची उचल नवऱ्याच्या नावावर असते, आठवडी बाजाराची खर्चीही त्याच्याच हातात पडते. मालकाच्या वहीत अर्धी जोडी लिहिलेलीच नसते.

सरकारी दप्तरात चित्र फारसे वेगळे नाही. २०११च्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण ‘विवाह’ आहे. नवऱ्यामागून नालासोपाऱ्याला आलेली आणि पुढची वीस वर्षे इमिटेशन दागिन्यांत खडे बसवणारी बाई त्या तक्त्यात लग्न होऊन आलेली एवढीच उरते, कामगार म्हणून आलेली ठरत नाही. एका कागदावर मात्र तिचे नाव सर्वांत वर आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचे नाव घातले जाते. तरतूद फार मोलाची आहे. पण जगायला गेलेल्या बाईचे ते कार्ड पाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत राहते आणि नेमून दिलेले धान्याचे दुकानही तिथेच असते.

साथीचा भार बाईवर जास्त पडतो, हे महाराष्ट्राने याआधीही पाहिले आहे. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. १८९७च्या साथरोग कायद्याखाली कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. फलाटावर परक्या पुरुषाने अंगाला हात लावून काखेतल्या, जांघेतल्या गाठी तपासायच्या, या कल्पनेनेच बायका हादरल्या आणि स्त्री डॉक्टरांची, आडोशाची मागणी त्या वेळी जोराने पुढे आली. १९१८च्या इन्फ्लुएन्झात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी तीच, आणि ताटात सर्वांत कमी वाढून घेणारीही तीच.

उशाशी बसणाऱ्या घरच्या माणसांवर विश्वास टाकला तर काय घडते, याचे उदाहरण निर्वासितांच्या छावणीत सापडते. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचे पाणी पिंपांत कालवले आणि ते पाजायचे काम रुग्णांच्या घरच्या माणसांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

२०२०मध्ये होळी ९ मार्चला होती. शिमगा करून भट्टीवर परतलेल्या कुटुंबांना कामाला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, त्याच रात्रीपासून लोकल थांबली, आणि २५ तारखेपासून देश बंद झाला. उचल अजून फिटलेली नव्हती, खर्ची बंद पडली होती आणि एसटी नव्हती. कित्येक कुटुंबे भट्टी सोडून जव्हारच्या दिशेने चालू लागली. कडेवर एक मूल, डोक्यावर भांड्यांचे बोचके, आणि पोलीस अडवतील म्हणून पायाखाली रानवाटा. मागे राहिलेल्यांना किराणा उधार मिळेना. केंद्राने सुमारे २० कोटी स्त्रियांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये जमा केले. मदत थेट बाईच्या नावावर आली, ही मोठी गोष्ट होती. पण जिचे खाते तालुक्याच्या गावी आणि मुक्काम भट्टीवर, तिच्यासाठी ते पैसे फार लांब होते. मोफत धान्याचेही तेच झाले.

नालासोपारा-विरारच्या घरकामगार बायांची कोंडी आणखी वेगळी होती. त्यांची कामे अंधेरी, बोरिवलीला आणि त्यांची गाडी पहाटेची. जूनमध्ये लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या, ओळखपत्र असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ओळखपत्र कोण देणार? २१ ऑक्टोबरला सर्व स्त्रियांना प्रवासाची मुभा मिळाली, पण वेळ होती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. सकाळी सातला पहिल्या घरी पोहोचायचे असेल, तर या वेळांचा काहीच उपयोग नव्हता. पहाटेची गाडी पुन्हा हाती आली ती १ फेब्रुवारी २०२१ला. तोवर अनेकींची घरे सुटली होती.

२०२०च्या मेमध्ये मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तेव्हा वसई पश्चिमेच्या सनसिटी मैदानात नावनोंदणीच्या रांगा लागल्या. उघडे मैदान, वैशाखाचे ऊन, आणि आपल्या गाडीचा पुकारा कधी होईल याचा अंदाज नाही. पुरुष आडोशाला जाऊन येत. बाया मात्र लघवीला कुठे जायचे या चिंतेने पाणीच पीत नसत. जौनपूरच्या गाडीची वाट पाहत उभी असलेली पंचेचाळिशीची एक बाई याच मैदानात कोसळली आणि गेली. त्याच दिवसांत वसई रोडहून गोरखपूरला निघालेली एक गाडी ओडिशातल्या राउरकेल्याला पोहोचली. मार्गावर गर्दी असल्याने ती वळवली, असे रेल्वेने सांगितले. डब्यात लेकुरवाळ्या होत्या, दूध-पाण्याचा हिशेब त्यांनी गोरखपूरपर्यंतच्या नेहमीच्या वेळेचा केला होता.

बाळंतपणाला टाळेबंदी माहीत नसते. पालघरच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५पासून आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची आठवण ज्या जिल्ह्याला आहे, तिथे या ताटाची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. पण ते ताट पाड्यावरच्या अंगणवाडीत वाढले जाते. भट्टीवरची गरोदर बाई त्या यादीत नसे, आणि शहराच्या रुग्णालयात तिच्याकडे आधी कोरोनाचा अहवाल मागितला जाई. सॅनिटरी पॅडसुद्धा जीवनावश्यक वस्तूंत येतात, हे केंद्राला २९ मार्चला वेगळे स्पष्ट करावे लागले. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअॅप क्रमांक दिला. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. तिथून तक्रार करायची कशी आणि कुठे उभे राहून?

यानंतर नोंदीचा प्रश्न थोडा हलला. एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. घरेलू कामगार मंडळाचा कायदा २००८चा, तरी ज्यांनी कधी अर्ज भरला नव्हता, त्या या मदतीबाहेर राहिल्या. २९ जून २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत लागू करायला सांगितले. या योजनेत मोखाड्याच्या कार्डावर वसईत धान्य उचलता येते, मात्र दुकानदाराच्या यंत्रावर अंगठा उमटला पाहिजे. विटा वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईला तिथे दोन-तीनदा बोट पुसून पाहावे लागते. गावात मिळणारा आहार आणि लसीकरण कामाच्या गावीही मिळावे, म्हणून महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी पद्धत पालघरसह काही जिल्ह्यांत सुरू केली.

२६ ऑगस्ट २०२१ला असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी उघडली. तिथे जोडीचा रकाना नव्हता, प्रत्येकाने आपापले नाव आणि आपापले काम लिहायचे होते. देशभर झालेल्या नोंदणीत अर्ध्याहून अधिक नावे स्त्रियांची आहेत. भट्टीवरच्या वहीत हजार विटांचा दर अजून जोडीनेच मांडला जातो.