आवडीचा ठराव आणि परकीय चलन



खडकी किंवा अंबरनाथहून बदलीचा हुकूम घेऊन जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांच्या लेखी आवडी म्हणजे रणगाड्यांचा कारखाना. परंतु त्यातून पहिला रणगाडा बाहेर पडण्याच्या दहा वर्षे आधीच हे नाव देशभर गाजले होते. जानेवारी १९५५ मध्ये उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. १९९१ नंतर त्याची टिंगल करण्याची प्रथाच पडली. मला ती उथळ वाटते. ठरावाच्या धोरणात खोट होती खरी, पण टीकाकार बोट ठेवतात तेथे नव्हे.

त्या वेळी अर्थखाते आपल्या चिंतामणराव देशमुखांकडे होते. जगाचा व्यवहार कसा चालतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची घडण चालली असता ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून हिंदी शिष्टमंडळात होते. कोइमतूरचे षण्मुखम् चेट्टीही होते. (मराठी व तमिळ माणसांचे सहकार्य काही आपल्या मंडळापासून सुरू झालेले नाही!) युद्धकाळात पुरवलेल्या मालाचे हिंदुस्थानचे येणे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने साठत होते. त्याचा विचार परिषदेने करावा, असा शिष्टमंडळाचा आग्रह होता. केन्स यांनी हा प्रश्न ब्रिटन व त्याच्या धनकोंनी आपसांत सोडवण्याचा आहे, असे सांगून तो बाजूस सारला. ज्याच्याकडे आपली बाकी आहे तोच ती केव्हा व कशी द्यायची हे ठरवतो, हा अनुभव घेतलेल्या पिढीला परावलंबनाची भीती वाटली, तर त्यात नवल ते काय?

१९५६ मध्ये दुसरी योजना सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि अर्थखाते मद्रासच्या टी. टी. कृष्णमाचारींकडे गेले. पोलादाचे कारखाने उभारायचे तर यंत्रे परदेशातूनच आणावी लागत, आणि त्यासाठी पौंड-डॉलर लागत. आपली निर्यात फारशी वाढणारच नाही, असे मात्र योजनाकारांनी जवळजवळ गृहीत धरले. खोट येथे होती. दोन वर्षांत गंगाजळी आटली. १९५८ मध्ये जागतिक बँकेला आपल्यासाठी धनको राष्ट्रांची बैठक बोलवावी लागली. स्वावलंबनासाठी निघालेला देश कर्जाच्या दारात उभा राहिला.

आपल्या शेजारचा कारखाना हीच कथा लोखंडात सांगतो. १९६५ पासून येथे तयार झालेल्या ‘विजयंता’चा आराखडा ब्रिटिश व्हिकर्स कंपनीचा होता. पुढे सोव्हिएत टी-७२ आला. मॉस्कोशी व्यवहार रुपयांत होई. चहा, ताग, कातडी देऊन यंत्रसामग्री येई. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि सुट्या भागांची ओढाताण सुरू झाली. ‘अर्जुन’ आपल्याच शास्त्रज्ञांनी आवडीत घडवला, पण त्याचे इंजिन जर्मन.

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा जकात बसवली. तिची झळ तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांना लागली. तेथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा मॉस्कोशी काय संबंध? म्हणून मला टीकाकारांना विचारावेसे वाटते : १९५५ साली यंत्रे करायचीच नाहीत असे ठरवले असते, तर आज वाटाघाटीच्या मेजावर आपण काय घेऊन बसलो असतो? आणि ठरावाच्या कैवाऱ्यांना विचारावेसे वाटते, तिरुपूरसारखी निर्यात करणारी आणखी गावे तेव्हाच का उभी केली नाहीत? सभागृहात दोन्ही बाजूंची माणसे बसली आहेत. त्यांचे मला ऐकायचे आहे.