पंच्याण्णवच्या पुढे



नाचगाण्यांच्या आधी भाषण, आणि तेही थर्मोवर, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सवर! तुमचे चेहरे इथूनही दिसताहेत. थोडक्यात आटोपतो.

केमिकलच्या मुलांची तक्रार ठरलेली : एवढं सगळं शिकून लागतं कुठे? आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जाऊन बघा. मळी आंबवून जो वॉश मिळतो, त्यात अल्कोहोल साधारण आठ-दहा टक्के. डिस्टिलेशन कॉलममध्ये ते वाढत जातं : पन्नास, ऐंशी, नव्वद. वजनाने ९५.६ टक्क्यांवर मात्र गाडं अडतं. तिथे द्रवात जेवढं अल्कोहोल, तेवढंच वाफेत, ७८.२ अंश सेल्सिअसला ते मिश्रण एखाद्या शुद्ध पदार्थासारखं उकळतं. मॅककेब-थीलेच्या आलेखावर पायऱ्या काढून पाहा. समतोल वक्र कर्णरेषेला भिडतो तिथे पायऱ्या इतक्या बारीक होतात की पुढे सरकणंच थांबतं. आणखी प्लेट लावा, आणखी स्टीम सोडा, पैसा वाया जाईल.

असं का होतं, ते परीक्षेत तुम्हाला छळणारा ॲक्टिव्हिटी कोइफिशंट सांगतो. पेट्रोलमध्ये मिसळायला तर ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल हवं. मग ती वाफ मॉलिक्युलर सीव्हमधून नेतात. त्याची छिद्रं सुमारे तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो. कॉलमशी झुंजत बसण्यापेक्षा कुणीतरी वाट बदलली, कारण पुढे वाट नाही हे आधी पक्कं कळलं होतं.

१८२४ साली सादी कार्नोनेही अशीच एक हद्द ओळखली. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्यक्षमतेला कमाल मर्यादा असते, हे त्याने एका पुस्तकात दाखवलं, तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. पुस्तकाकडे त्या काळी फारसं कुणी पाहिलं नाही. पण मर्यादा कळल्यामुळेच आपलं यंत्र तिच्यापासून किती मागे आहे, हे मोजता येऊ लागलं.

उद्या प्लांटवर कॉलम हवी ती शुद्धता देईना झाला, तर वरिष्ठ विचारतील, ‘का?’ प्लेट खराब असेल तर ती दुरुस्त होते. पण निसर्गाची हद्द असेल तर कितीही ओव्हरटाइम करा, उपयोग नाही. कुठे झटायचं आणि कुठे वाट बदलायची, हे ज्याला सांगता येतं त्याला मी इंजिनिअर म्हणतो. थर्मो शिकायचं ते यासाठी.

बक्षीस मिळवणाऱ्यांचं अभिनंदन, आणि थर्मोत केटी लागलेल्यांना पुढच्या परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा.