परलोकाचा निरोप

मृत्यूनंतर माणसाचे काय होते, या विषयावर चारचौघांत मांडलेले मत आणि मनात बाळगलेली समजूत ही दोन्ही एकच असतात असे नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडून बसलेल्या मंडळींकडे पाहावे. परलोक, पुनर्जन्म हे सारे थोतांड आहे असे जन्मभर सांगत आलेला गृहस्थही, कावळा पिंडाला शिवेना म्हणजे अस्वस्थ होतो. गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असावी याचा विचार करू लागतो, आणि अखेर हात जोडून धाकट्या भावंडांना अंतर न देण्याचे वचन देऊन टाकतो. उलट, परलोकावर अढळ श्रद्धा असलेला वृद्ध साध्या तापाने अंथरुणाला खिळला, की तिकडे जाण्याची कसलीही उत्सुकता दाखवीत नाही. या बाबतीत माणसाचे खरे मत त्याच्या जिभेवर असते की काळजात असते, हे ठरविणे कठीण आहे.

पाली वाङ्मयात अशा एका गृहस्थाची हकीकत आली आहे, की ज्याने या प्रश्नाची तड लावण्याचा चंग बांधला होता. त्याचे नाव पायासी. दीघनिकायात एकंदर 34 सूत्रे आहेत. त्यांपैकी तेविसावे सूत्र त्याच्याच नावाने ओळखले जाते. पायासी हा कोसल देशातील सेतव्या या नगरीचा अधिपती. ही नगरी त्याला प्रसेनजित राजाने इनाम दिलेली होती. दक्षिणेतील श्रोत्यांना हे गाव अगदीच परके वाटावयास नको. गोदावरीच्या तीरावर राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघाले, ते पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत आणि श्रावस्ती असे मजल दरमजल करीत उत्तरेकडे गेले. सुत्तनिपातात त्यांच्या वाटेवरील गावांची जी यादी दिली आहे, तीत श्रावस्तीच्या पुढचे नाव सेतव्येचेच आहे.

पायासीचे मत साधे आणि स्पष्ट होते. या लोकापलीकडे दुसरा लोक नाही. मेलेला जीव पुन्हा कोठे जन्म घेत नाही. आणि बऱ्यावाईट कर्मांना कसलेही फळ नाही. त्याच सुमारास कुमारकाश्यप नावाचा एक भिक्षू मोठ्या भिक्षुसंघासह सेतव्येच्या उत्तरेस असलेल्या शिसवीच्या वनात येऊन उतरला. नाना प्रकारे रंगवून बोलण्यात भिक्षूंमध्ये तो अग्रगण्य मानला जात असे. दुपारची वामकुक्षी घ्यावयास माडीवर गेलेल्या पायासीने गावातील लोकांचे थवेच्या थवे वनाकडे निघालेले पाहिले, तेव्हा त्याने आपल्या कारभाऱ्याकरवी त्यांना थांबवून धरले. हा श्रमण या भोळ्या लोकांच्या डोक्यात परलोकाचे खूळ भरवून देण्यापूर्वीच आपण त्याची गाठ घ्यावी, असा त्याचा बेत होता.

वादाला सुरुवात झाली, ती मात्र फारशी भारदस्त नाही. सूर्यचंद्र या लोकातले की दुसऱ्या, असे काश्यपाने विचारले; दुसऱ्या, असे पायासीने कबूल करताच, मग परलोक आहेच की, असा निष्कर्ष काश्यपाने काढला. एवढ्याने पायासीचे समाधान झाले नाही, आणि ऐकणाऱ्याचेही होत नाही. परंतु यानंतर पायासी जे सांगू लागतो, ते ऐकण्याजोगे आहे. कारण तो शास्त्रवचने पुढे करीत नाही, आपण स्वतः काय काय केले ते सांगतो.

त्याचे काही आप्तस्नेही दुराचारी होते. त्यांपैकी कोणी मरणपंथाला लागला, की पायासी त्याच्याकडे जाई आणि त्याला सांगे की, तुझ्यासारख्यांना नरक मिळतो असे श्रमणब्राह्मण म्हणतात. ते खरे ठरले तर मला येऊन सांग, नाहीतर निदान कोणाबरोबर निरोप तरी पाठव. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तू पाहिलेस ते मी पाहिल्यासारखेच होईल. त्याने बरे म्हटले आणि तो मेला. तो आला नाही, निरोपही आला नाही. मग सदाचारी आप्तांपाशी जाऊन त्याने स्वर्गातून निरोप मागितला. त्यांनीही बरे म्हटले, आणि तेही गेले ते गेलेच. मरणाऱ्याच्या उशाशी बसून असे काही मागणारा माणूस निर्दय म्हणावयाचा, की मनातून फार आशा धरून बसलेला म्हणावयाचा? सूत्रकाराने यावर एक अक्षरही लिहिलेले नाही. जैन आगमांपैकी राजप्रश्नीय या ग्रंथात जवळजवळ हाच संवाद येतो. तेथे राजाचे नाव पएसी आणि त्याला उत्तरे देणारा पार्श्वनाथाच्या परंपरेतील केशी नावाचा श्रमण आहे. आणि तेथे हे नुसते आप्त नव्हेत, तर राजाचे सख्खे आजोबा आणि त्याच्यावर जीव टाकणारी आजी आहे. दोन प्रतिस्पर्धी संप्रदायांनी एकच नास्तिक आपापल्या ग्रंथांत जतन करून ठेवावा, यावरून त्याचे प्रश्न त्या काळी किती बोचत असतील याची कल्पना येते.

काश्यपाची उत्तरे दृष्टांतांची आहेत. वधस्तंभाकडे नेला जाणारा चोर, जरा घरी जाऊन नातलगांना भेटून येतो म्हणाला, तर मारेकरी त्याला सोडतील काय? नरकात पडलेल्यांचे तसे आहे. आणि शौचकूपात आकंठ बुडालेल्या माणसाला वर काढून, न्हाऊमाखू घालून, उंची वस्त्रे देऊन महालात बसविले, तर तो पुन्हा त्या कूपात उतरेल काय? स्वर्गात गेलेल्यांचे तसे आहे. देवांना मनुष्यलोकाची दुर्गंधी शंभर योजनांवरून येते. शिवाय तेहतीस देवांच्या लोकातील एक अहोरात्र म्हणजे इकडची शंभर वर्षे. दोनचार दिवस सुखात घालवून मग जाऊ असे म्हणणारा नातलग परत येईपर्यंत पायासी कोठला उरावयास! पायासीने ताबडतोब विचारले, की देव इतकी वर्षे जगतात हे आपल्याला कोणी सांगितले? प्रश्न अचूक होता. जन्मांधाला रंग दिसत नाहीत म्हणून रंगच नाहीत असे होत नाही, हे काश्यपाचे त्यावरील उत्तर सुंदर आहे. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, एवढेच त्याने सिद्ध होते. असण्याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

यापुढे पायासी आपले प्रयोग सांगतो. चोर पकडून आणला, की त्याला जिवंतपणीच मोठ्या रांजणात घालावयाचे, तोंड बंद करून त्यावर ओले कातडे बसवावयाचे, वर चिखलाचा जाड थर लिंपावयाचा आणि रांजण भट्टीवर चढवावयाचा. चोर मेल्याची खात्री झाली, की रांजण उतरवून तोंड हलकेच उघडावयाचे आणि जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहावयाचे. दिसला नाही. दुसऱ्या एकाला आधी जिवंतपणी तोलले, धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारले, आणि पुन्हा तोलले. जीव गेल्याने वजन घटावयास हवे होते. ते उलट वाढलेलेच दिसले. आणखी एकाची त्वचा, मांस, स्नायू, हाडे, मज्जा एकामागून एक कापून शोध घेतला. जीव कोठेच सापडला नाही. परलोकाविषयीच्या या संशोधनात त्या चोरांचे मत मात्र कोणी विचारलेले दिसत नाही, काश्यपानेही नाही.

हे सारे रानटी युगातले म्हणून हसण्यावारी नेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हेवरहिल या गावी डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरांनी सहा मरणोन्मुख रुग्णांना खाटेसह तराजूवर ठेवून, प्राण जाताना वजन किती घटते याचे मापन केले आणि 1907 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आत्म्याचे वजन 21 ग्रॅम असते ही जगभर पसरलेली दंतकथा त्यांपैकी एकाच रुग्णाच्या मापावर उभी आहे. उरलेल्यांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत. कुत्र्यांवर हाच प्रयोग केला असता वजनात घट आढळली नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नसावा, असेही त्यांना वाटले. पायासीला जीव नको होता, आणि त्याचा तराजू जड झाला. डॉक्टरांना आत्मा हवा होता, आणि त्यांचा तराजू हलका झाला.

काश्यपाने वजनाच्या कोड्याला दिलेले उत्तर आजच्या शाळकरी मुलालाही पटणार नाही. तापलेला लोखंडाचा गोळा हलका असतो आणि निवलेला जड, असे तो म्हणतो. तसे ते नसते. पण शरीर कापून जीव शोधण्यावर त्याने दिलेला दृष्टांत मात्र विसरता येत नाही. एका अग्निपूजक जटिलाने बाहेरगावी जाताना आपल्या पोरसवदा शिष्याला अग्नी सांभाळावयास सांगितले. पोर खेळात रमले, अग्नी विझला. तेव्हा अग्नी काढावयाच्या अरणी घेऊन त्याने कुऱ्हाडीने त्यांचे दोन तुकडे केले, मग दहा, मग शंभर. त्यांचा चुरा केला, तो उखळात कुटला आणि वाऱ्यावर उफणला. अग्नी निघाला नाही. गुरू परत आल्यावर त्याने त्याच अरणी जातीच्या लाकडांचे घर्षण करून क्षणात अग्नी पेटविला. या दृष्टांताने परलोक सिद्ध होत नाही हे खरे. पण पायासीचे सारे प्रयोग कोठे चुकत होते, ते मात्र नेमके दिसून येते.

पायासी येथे निरुत्तर झाला. आणि निरुत्तर झाल्यावर तो जे बोलला, ते या सबंध सूत्रातील सर्वांत प्रामाणिक बोलणे म्हणावे लागेल. हे मत आपल्याच्याने सोडवत नाही, असे त्याने सांगितले. प्रसेनजित राजा आपल्याला या मताचा म्हणून ओळखतो, परराज्यांतील राजेही ओळखतात. आता ते सोडले तर लोक म्हणतील, पायासी किती मूर्ख होता! तेव्हा रागाने म्हणा, हट्टाने म्हणा, आपण ते धरूनच ठेवणार. रांजण, तराजू, मरणाऱ्यांकडून घेतलेली वचने हे सारे बाजूला सरून येथे एका मानी माणसाचा चेहरा दिसू लागतो. परलोकावर विश्वास ठेवणाऱ्यांचा विश्वासही पुष्कळदा याच खुंटीला टांगलेला असतो. घराण्याची रीत मोडली तर चार माणसे काय म्हणतील, या धाकाने केलेल्या श्राद्धांची संख्या कोण मोजणार?

काश्यपाने त्याला आणखी चार दृष्टांत ऐकविले. त्यांपैकी तागाचा भारा वाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत तेवढा सांगण्याजोगा आहे. दोन मित्र धनाच्या शोधात निघाले. वाटेत ताग दिसला, दोघांनी भारे बांधले. पुढे तागाचे सूत दिसले, मग कापड, मग लोखंड, तांबे, रुपे आणि शेवटी सोने. एकजण प्रत्येक वेळी आधीचे टाकून नवे उचलीत गेला. दुसरा म्हणत राहिला, की हा भारा मी इतक्या लांबून आणला आहे, नीट आवळून बांधलेला आहे, मला एवढाच पुरे. घरी ताग घेऊन आलेल्याचे ना आईबापांनी कौतुक केले, ना बायकोपोरांनी. यावर पायासी शरण आला. आणि येताना म्हणाला, की मला पहिल्याच दृष्टांताने पटले होते, आपली निरनिराळी उत्तरे ऐकावीत म्हणूनच विरोध करीत राहिलो. वादात हरलेल्या माणसाला एवढी सवलत द्यावयास हरकत नाही.

येथे सूत्र संपले असते, तर एका नास्तिकाच्या पराभवाची ती एक साधी गोष्ट ठरली असती. पण ते संपत नाही. मत बदललेल्या पायासीने श्रमणब्राह्मण, दीनदुबळे, वाटसरू आणि याचक यांच्यासाठी दानधर्म सुरू केला. त्या दानात कण्यांचा भात आणि तोंडी लावावयास आंबट कांजी असे. वस्त्रे दिली जात, तीही जाडीभरडी. या कामावर उत्तर नावाचा एक तरुण नेमलेला होता. दान वाटून झाले, की तो मोठ्याने इच्छा करी, की या पुण्याईने पायासीची आणि माझी गाठ या जन्मापुरतीच पडो, परलोकी न पडो! ही गोष्ट पायासीच्या कानांवर गेली. त्याने उत्तराला बोलावून कारण विचारले. उत्तराने सांगितले, की जे अन्न महाराज दान म्हणून देतात, त्याला स्वतः पायही लावणार नाहीत, मग खाणे दूरच, वस्त्रांचेही तेच. महाराज आम्हांला प्रिय आहेत. जे प्रिय आहे त्याची सांगड अप्रियाशी कशी घालावी? पायासी रागावला नाही. आपण जे जेवतो आणि नेसतो तेच दानात द्यावे, अशी त्याने आज्ञा केली, आणि उत्तराने त्याप्रमाणे केले.

पुढे दोघेही मरण पावले. उत्तर आदराने आणि आपल्या हातांनी देत आला होता. तो तेहतीस देवांच्या लोकात जन्मला. पायासीने दान दिले खरे, पण ते दुसऱ्याच्या हातून, मन न घालता, टाकून दिल्यासारखे. त्याच्या वाट्याला खालच्या स्वर्गातील सेरीसक नावाचे एक रिकामे विमान आले. तेथे गवंपती नावाचे स्थविर दुपारच्या विश्रांतीसाठी अधूनमधून जात असत. एके दिवशी एक देवपुत्र त्यांना वंदन करून बाजूला उभा राहिला. कोण तू, असे त्यांनी विचारताच, मी पायासी, असे उत्तर आले. परलोक नाही असे म्हणणारा तोच तू ना, या प्रश्नाला त्याने होय म्हटले. मग उत्तराला काय मिळाले आणि आपल्याला काय मिळाले, ते सांगून त्याने स्थविरांना विनंती केली, की मनुष्यलोकी जाल तेव्हा लोकांना एवढे सांगा.

ज्या निरोपाची वाट पाहत पायासी मरणाऱ्या आप्तांच्या उशाशी बसला होता, तो अखेर त्याने स्वतःच धाडला. त्यात नरकाच्या ज्वाळांचे वर्णन नव्हते, स्वर्गातील सुखांचे नव्हते, आणि जीव देहातून कसा बाहेर पडतो याचा खुलासाही नव्हता. दान आदराने द्यावे, मनापासून द्यावे, आपल्या हातांनी द्यावे, एवढाच त्यातील मजकूर होता. गवंपतींनी मनुष्यलोकी येऊन तो जसाच्या तसा सांगितला.