फुकटची रात्र कितीला पडते?

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आपण अभिमानानं म्हणतो. पण मॅरियट किंवा हिल्टनचं ॲप उघडून परभणी टाका, आपल्या शहरात एकही हॉटेल दिसणार नाही. तरीसुद्धा आजचा विषय तोच आहे, कारण गंगाखेडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याची हिंजवडीत मुलाखत आहे, आणि मित्रानं त्याला सांगितलंय की पॉइंट जमवले की मोठ्या हॉटेलात रात्र फुकट मिळते. "दादा, हे खरं आहे का?"

खरं आहे. फक्त हिशोब मित्रानं सांगितलेला नाही, तो आपण करू. (आणि हॉटेल म्हणजे इथे राहायचं हॉटेल. स्टँडसमोर चहा-भजी मिळतात ते नव्हे.)

आधी कंपन्या हे का देतात ते बघा. एसटी सुटली की रिकामी सीट पुन्हा विकता येत नाही, तसंच रिकाम्या खोलीचं. आजची रात्र गेली की गेली. म्हणून नेहमीचा गिऱ्हाईक आपल्याच दारात यावा यासाठी ही युक्ती. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं विमानाच्या मैलांची योजना आणली, आणि 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटनं तेच हॉटेलात सुरू केलं. मॅरियटच्या योजनेला 2019 पासून बॉनवॉय म्हणतात. मेंबर व्हायला एक पैसा लागत नाही, ईमेल आणि फोन नंबर पुरतो.

आता हिशोब. बॉनवॉयच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या खर्चाला 10 पॉइंट मिळतात, तेही टॅक्स सोडून. समजा खोली 6,000 रुपयांची आहे आणि डॉलर 85 चा धरला. म्हणजे साधारण 70 डॉलर, म्हणजे 700 पॉइंट. फुकटची रात्र 10,000 पॉइंटला असेल, तर तेवढे जमायला पंधरा रात्री राहावं लागेल. नव्वद हजार रुपये खर्च करून सहा हजाराची खोली! आपला किराणावालासुद्धा यापेक्षा बरी सूट देतो.

इथेच प्रमोशन येतं. वर्षातून काही वेळा या कंपन्या ठरावीक महिन्यांसाठी डबल पॉइंट किंवा दर मुक्कामाला जादा पॉइंट देतात. डबल मिळाले तर पंधराच्या आठ रात्री होतात. आठावर एक, म्हणजे साडेबारा टक्के सूट. आता जरा बरं वाटतं. पण यात एक गोम आहे. बहुतेक प्रमोशनला आधी रजिस्टर करावं लागतं. ॲपमध्ये एक बटण असतं, ते मुक्कामाच्या आधी दाबायचं. नंतर रिसेप्शनवर कितीही गोड बोला, त्या माणसाच्या हातात काही नसतं.

दुसरं, बुकिंग हॉटेलच्याच ॲपवरून किंवा वेबसाइटवरून करायचं. मेकमायट्रिप, गोआयबिबो, ॲगोडा यांच्यावरून केलं तर साधारणपणे पॉइंट मिळत नाहीत. तिथे पाचशे रुपये स्वस्त मिळत असेल तर? घ्या की राव. सातशे पॉइंटसाठी पाचशे रुपये सोडू नका.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर: एका मुलाखतीच्या एका रात्रीसाठी पॉइंटच्या नादी लागू नकोस. मित्राच्या रूमवर झोप, नाहीतर स्वस्तातली स्वच्छ खोली घे. पण नोकरी लागली आणि कंपनी फिरतीवर पाठवायला लागली, तर पहिल्या दिवशी मेंबर हो. खरी मजा तिथे आहे. बिल कंपनी भरते, पण पॉइंट राहणाऱ्याच्या खात्यात जातात. आपल्याकडची बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी पोरं महिन्यातून आठ-दहा रात्री बाहेर असतात. मुक्काम अशा साखळी हॉटेलात असेल, तर चेक-इनला मेंबर नंबर सांगायचा, एवढंच काम. ऑफिसचा नियम मात्र आधी विचारून घ्या.

आता क्रेडिट कार्ड, कारण रील्सवर सगळे तेच विकतात. एचडीएफसी बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये मॅरियटसोबत कार्ड आणलं. त्या वेळी वर्षाची फी 3,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540. बदल्यात 15,000 पॉइंटपर्यंतची एक रात्र, वर्षभरात वापरायची. समजा त्या खोलीचा भाव आठ हजार आहे आणि तुम्ही एरवीही तिथेच राहिला असता, तर फायदा साडेचार हजारांचा. एरवी दीड हजाराच्या लॉजवर राहिला असता, तर दोन हजारांचा तोटा. गणित एवढंच आहे. पुढच्या जादा रात्रीसाठी वर्षाला 6 लाखांचा खर्च ठेवला होता. परभणीत सुरुवातीचा पगार किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि बिल थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीसच्या वर. त्यात कसली आली फुकटची रात्र!

पॉइंट साठवून ठेवायची सवयही नको. ही बँकेची ठेव नाही. मार्च 2022 मध्ये मॅरियटनं कोणत्या हॉटेलाला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आता रात्रीचा भाव तारखेप्रमाणे हलतो. शिवाय 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. कामापुरते झाले की वापरून टाका.

टाटांचं सोपं आहे. ताज, विवांता, जिंजर यांच्यासाठी न्यूकॉइन, आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं विवांता.

शेवटी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे रील्सवाले सांगत नाहीत, कारण त्यांना ती लागत नाही. आपली ट्रॅव्हल्स पुण्यात पोहोचते पहाटे पाच-सहाला. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. परतीची गाडी रात्री नऊ-दहाला, आणि चेक-आउट बाराला. म्हणजे फुकटच्या रात्रीच्या अलीकडे आठ तास आणि पलीकडे दहा तास तुम्ही रस्त्यावर. यावर उपाय असा: आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून लवकर खोली मिळेल का विचारायचं, नाही म्हणाले तर बॅग रिसेप्शनला ठेवायची. बहुतेक मोठ्या हॉटेलांत सामान ठेवायचे पैसे घेत नाहीत. लॉबीतल्या वॉशरूममध्ये तोंड धुऊन कपडे बदलायचे आणि खुशाल मुलाखतीला जायचं. लाजायचं नाही, पाहुणे आहात तुम्ही.