शेवटचा हात कोणाचा?

अब्बांच्या जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर मी व्हिडिओ बघून बदलला. इंजिनिअर ना मी! दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होईना. अब्बा रिक्षाने दवाखान्यात गेले.

गॅरेजवाल्या चाचांनी फिल्टरखाली बोट फिरवलं. ओलं! जुनं रबरी सील वर चिकटून राहिलं होतं, त्यावरच मी नवं बसवलं होतं. गाडी उभी असताना तिथून डिझेल पाझरायचं आणि सुरू करताना पंप हवा ओढायचा. चाचांनी जुनं सील काढलं, बैठक पुसली, नव्या सीलला डिझेल लावून फिल्टर हातानेच आवळला, हातपंपाने हवा काढली. गाडी सुरू!

कोड बिघडला की मी आधी स्वतःचा शेवटचा बदल तपासतो. इथे मात्र पंपावर खापर फोडत होतो. शेवटचा हात आपला असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करा.