सरकारवर दावा आणि दोन महिने



कायद्यावर बोलायला आम्ही काही वकील नव्हे. आमची शाळा सातिवलीच्या गाळ्यांच्या दारात भरली. कायद्याची पुस्तके उघडली ती हातात अर्ज घेऊन उभे राहण्याची पाळी आली म्हणून. तेव्हा आज सांगणार ते पुस्तकातले थोडे आणि ठेच लागून कळलेले अधिक.

मालकावर दावा लावायचा झाला तर सहसा आज ठरवून उद्या लावता येतो. पण त्या मालकावर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या सरकारी खात्यानेच डोळे मिटले तर काय? सरकारवर, किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामाबद्दल, दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचे. हेतू वाईट नाही. चूक असेल ती सरकारने सुधारावी, जनतेचा पैसा कज्जेदलालीत जाऊ नये, हे कोणालाही पटेल. हे दोन महिने दाव्याच्या मुदतीत धरले जात नाहीत, तेव्हा त्या बाजूनेही नुकसान नाही. अडचण येते ती घाईच्या प्रसंगी.

याचा पहिला मोठा चटका बसला तो आपल्याच मुलखात, मालेगावात. १९२१ च्या एप्रिलात तेथे दंगल झाली आणि नंतर सरकारने रहिवाशांवर वसुली बसवली. ती थांबवावी म्हणून काही रहिवाशांनी दोन महिने पुरे होण्यापूर्वीच दावा लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते. आम्ही मनाईहुकूम मागतो आहोत. थांबलो तर पैसे वसूल होऊन जातील, मग मनाई कशाची करणार? प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२७ साली निकाल लागला की कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, सक्तीचे आहेत, त्यात अपवाद नाही. मुंबई इलाख्यात त्यापूर्वी मनाईहुकमाच्या दाव्यांना थोडी सूट मिळत असे, तीही गेली. इंग्रज गेला, पण त्या निकालाची सावली आणखी तीस वर्षे राहिली.

१९७६ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून या भिंतीला एक दार पडले. तातडीची दाद हवी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीवाचून दावा लावता येतो. मात्र दार अरुंद आहे. परवानगी मिळाली तरी सरकारचे म्हणणे मांडायला वाजवी संधी दिल्यावाचून तात्पुरता हुकूम मिळत नाही. आणि तातडी नाही असे न्यायालयाला वाटले तर दाव्याचा अर्ज परत हातात मिळतो: जा, नोटीस द्या, दोन महिन्यांनी या.

आमच्या हातात तो असाच परत आला. २०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गाळ्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराचे बोट गेले. मशीनला जाळी नव्हती. धोक्याचा भाग झाकलाच पाहिजे, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम २१ सांगत होते. आम्ही मालकाबरोबर देखरेखीच्या कार्यालयालाही प्रतिवादी केले आणि परवानगीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, “जाळी नाही हे तुम्हांला केव्हापासून माहीत होते?” आम्ही म्हणालो, वर्षभर, कार्यालयात दहा वेळा जाऊन सांगितले. “लेखी?” आमच्याजवळ एकाही अर्जाची पोच नव्हती. साहेब ओळखीचे, चहा देत, ‘बघतो’ म्हणत, आणि आम्ही खूश होऊन परतत असू. वर्षभर ज्याला घाई नव्हती, त्याला आजच घाई का, हा प्रश्न आम्हांला त्या दिवशी फार कडू लागला. पण तो चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही.

नोटीस दिली. एकोणिसाव्या दिवशी त्याच रांगेतल्या दुसऱ्या मशीनवर एका पोराची दोन बोटे गेली. चाळिसाव्या दिवशी तपासणी झाली आणि आठवड्यात साऱ्या मशीनांना जाळ्या बसल्या. दावा लावण्याची गरजच उरली नाही. नोटिशीचा उपयोग झाला, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण ती वर्षभर आधी दिली असती तर?

कोणी विचारील की उच्च न्यायालयात रिट अर्ज का केला नाही? तेथे कलम ८० आड येत नाही. पण मुंबईच्या फेऱ्या आणि वकिलाची फी आमच्या वर्गणीच्या पेटीला झेपणारी नव्हती. शिवाय प्रत्येक देखरेखीच्या संस्थेची वाट वेगळी. प्रदूषण नियंत्रण मंडळ हे कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. त्याच्या नावाने फिर्याद होऊ शकते. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली मंडळाला समोर उभे केले ते दिवाणी न्यायालयात नव्हे, राष्ट्रीय हरित लवादापुढे. वसई-विरार महानगरपालिकेवर दावा लावायचा तर नोटीस एका महिन्याची. म्हणून आधी विचारावे की समोरचा सरकारचे खाते आहे, की मंडळ, की पालिका.

आता आमच्या कचेरीत एक वही आहे. तोंडी तक्रार केली तरी त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज जातो आणि पोचेचा शिक्का वहीत चिकटतो. राज्य सरकारसाठीची नोटीस सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, अधिकाऱ्यासाठीची त्याच्या हातात किंवा कार्यालयात. तीत नाव, पत्ता, तक्रारीचे कारण आणि मागणी. नमुन्याच्या काही प्रती आणल्या आहेत. व्याख्यान संपल्यावर त्या दाराजवळच्या टेबलावर मिळतील.