रायडिंग जॅकेट लडाखसाठी नको, कात्रजच्या चौकासाठी घ्या

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.)

आज रायडिंग गिअर. मागच्या भागानंतर इतक्या जणांनी एकच प्रश्न पाठवला की त्यावर अख्खा भाग करावा लागतोय. प्रश्न असा: "दादा, दहा हजारात कुठलं जॅकेट घेऊ?"

मी पुण्यात तीन वर्षं रायडिंग गिअरच्या दुकानात काउंटरवर होतो. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाचे तीन प्रश्न ठरलेले असायचे. काळ्यात आहे का? वॉटरप्रूफ आहे का? आणि लडाखला चालेल का? पडल्यावर हे जॅकेट काय करेल, असं विचारणारा महिन्यातून एखादा. साहजिक आहे म्हणा. नव्या गाडीला हार घालून, पेढे वाटून आलेला माणूस पडण्याचा विचार कशाला करेल? पण गंमत अशी की लडाखसाठी घेतलेलं जाड जॅकेट लडाखला पंधरा दिवस वापरलं जातं आणि उरलेले साडेअकरा महिने कपाटात लटकतं. आणि तो माणूस त्या साडेअकरा महिन्यांत रोज कात्रज ते हिंजवडी टी-शर्टवर जातो.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. ही सगळी काही सुपरबाइकवाली मंडळी नव्हती. आपल्यासारखीच, ऑफिसला, कॉलेजला, दूध आणायला निघालेली.

"मी तर गाडी हळूच चालवतो" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना पण फार उपयोगी अभ्यास आहे, हर्ट रिपोर्ट. हॅरी हर्ट या संशोधकाच्या टीमने लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात धडकेच्या क्षणाचा मधला वेग निघाला ताशी २१.५ मैल. म्हणजे आपले साधारण ३५ किलोमीटर. निम्मे अपघात त्याहून कमी वेगात झाले. ३५ हा हायवेचा वेग नाही हो. चौकातून वळताना आपली गाडी ज्या वेगात असते, तो हा.

आता पडल्यावर शरीराचं दोन गोष्टींशी भांडण होतं. एक, आपटणं. दुसरं, घासणं. आणि ही दोन वेगळी भांडणं आहेत, हे कळलं की खरेदी निम्मी सोपी होते.

आपटणं वेगावर फारसं अवलंबून नाही. सीटवर बसलेल्या माणसाचा खांदा जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतो. वेग वीस असो नाहीतर ऐंशी, खाली पडायचं ते तेवढ्याच उंचीवरून. इथे कामाला येतं आर्मर, म्हणजे खांदा, कोपर, गुडघ्यापाशी बसवलेले ते पॅड.

घासणं मात्र वेगावर जातं. साधा हिशोब करू. ताशी ५० ने पडलात, तर रस्त्याच्या घर्षणाने थांबेपर्यंत साधारण सव्वादोन सेकंद आणि सोळा मीटर तुम्ही घसरता. चार डिझायर एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर. आता साधी जीन्स घर्षण-चाचणीच्या यंत्रावर टिकते एका सेकंदाच्या आसपास. उरलेला वेळ कोण घासतं, ते सांगायला नको. जिमची ट्रॅक पँट आणि लेगिंग्ज त्याहून वाईट, कारण ते कापड घर्षणाने तापतं, वितळतं आणि जखमेला चिकटतं.

म्हणजे जॅकेटला दोन परीक्षा पास व्हायच्या असतात, आणि दुकानात हाच घोळ होतो. लटकवलेल्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "सीई लेव्हल २". गिऱ्हाइकाला वाटतं, जॅकेट पास झालंय. बऱ्याचदा पास झालेले असतात फक्त आतले पॅड. कापड आणि शिलाई कुणी तपासलेलीच नसते. शिलाई उसवली तर पॅड कितीही भारी असो, तो तुमच्या आधी रस्त्यावर.

म्हणून कार्ड सोडा आणि आतलं शिवलेलं लेबल बघा. आपल्याकडे दिसणारे हे शिक्के युरोपातले आहेत. अख्ख्या जॅकेटच्या मानकाचा नंबर ईएन १७०९२. त्यात ट्रिपल ए सगळ्यात वरचा वर्ग, मग डबल ए, मग ए. ट्रिपल ए सहसा जाड, जड, ट्रॅकवाल्यांचं. रोज शहर आणि महिन्यातून एकदा महाबळेश्वर, असं असेल तर डबल ए मिळालं तर उत्तम, ए सुद्धा चालेल. बी म्हणजे कापड तपासलेलं पण पॅड नाहीत. सी म्हणजे उलटं, नुसते पॅड धरून ठेवणारी जाळी, घासण्यापासून बचाव नाही. ती दुसऱ्या कपड्याबरोबर घालायची असते.

पॅडचा नंबर वेगळा, ईएन १६२१. त्याची परीक्षा अशी: पॅडवर ५० जूलचा फटका मारायचा, म्हणजे पाच किलोचं वजन एक मीटरवरून सोडल्यासारखं, आणि खालपर्यंत किती जोर पोचतो ते मोजायचं. खांदा-कोपर-गुडघ्याच्या पॅडला लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या पॅडला नियम कडक, १८ आणि ९. आणि पाठीकडे हात घालून बघाच. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीच्या खिशात नुसता स्पंज असतो, आपल्या सोफ्यातल्यासारखा. तो काढायचा आणि खरा बॅक प्रोटेक्टर वेगळा घेऊन घालायचा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी पॅडवर अजून एक खूण शोधा: इंग्रजी टी आणि पुढे अधिकचं चिन्ह. म्हणजे हा पॅड ४० अंशांनाही तपासलाय. मऊ, वाकणारे पॅड उन्हात अजून मऊ पडतात, म्हणून ही खूण आपल्याकडे महत्त्वाची.

हे सगळं असून जॅकेट सैल असेल तर पैसे वाया. आमच्याकडे रोजचं दृश्य: पोटाला आवळतं म्हणून एक साइज मोठं मागायचं. मग खांद्याचा पॅड दंडावर आणि कोपराचा पॅड मनगटाकडे. घालून बघताना चेन लावा, हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा आणि दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड धरून फिरवा. तो सहज गोल फिरला, तर पडल्यावरही फिरणार. एक साइज कमी करा, नाहीतर दुसऱ्या कटचं जॅकेट बघा. मुलींना पुरुषांचं स्मॉल साइज देऊन बोळवण करणारी दुकानं आहेत. बायकांच्या कटची जॅकेटं आता मिळतात, तीच मागा.

आता उकाडा. खरं सांगायचं तर गिअर न घालण्याचं कारण आळस नसून उकाडा असतो, आणि तो खोटा नाही. एप्रिलमध्ये अकोल्यात ४३ अंशांत कुणाला लेदर घाला म्हणणं म्हणजे त्याला गिअरपासून कायमचं तोडणं. ऑस्ट्रेलियातही असाच उन्हाळा, म्हणून तिथल्या आणि न्यूझीलंडच्या सरकारी संस्थांनी २०१८ मध्ये मोटोकॅप सुरू केलं. ते बाजारातून गिअर घेतात, फाडून-आपटून तपासतात आणि स्टार देतात. संरक्षणाचे वेगळे स्टार आणि उकाड्याचे वेगळे. फुकट बघता येतं. आपले ब्रँड तिथे फारसे सापडणार नाहीत, पण काय बघायचं याची नजर येते.

आपल्यासाठी मेश जॅकेट, यात मला शंका नाही. मात्र जाळी छातीवर आणि हाताच्या आतल्या बाजूला असावी. खांदा, कोपर आणि हाताची बाहेरची बाजू घट्ट कापडाची हवी. सगळीकडे जाळीच जाळी असलेलं जॅकेट वाऱ्याला छान, रस्त्याला नाही. आणि हवा पस्तिशीच्या वर गेली की वारा अंग थंड करत नाही, घाम करतो. तेव्हा आत सुती टी-शर्ट ओला करून घाला आणि पाणी पीत राहा.

पावसाचं थोडक्यात. जॅकेटच्या आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर ताम्हिणीच्या पावसात कामाचं नाही. तुम्ही कोरडे राहता, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन गोणपाटासारखं जड होतं. वरून घालायचा रेनकोट घ्या, भडक रंगाचा.

रंगावरून आठवलं, तो "काळ्यात आहे का" प्रश्न. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. चमकणारे किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांत गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्के कमी दिसला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांत २४ टक्के कमी. आता असे रायडर मुळात जास्त सावध असतील, हेही आहे. तरी त्याच किमतीत करडा मिळत असताना काळा कशाला?

आता दहा हजारांचं. माझा क्रम थोडा वेगळा आहे, कुणी भांडलं तरी चालेल. हेल्मेट या हिशोबात धरत नाही, ते आयएसआयचं आणि डोक्याला घट्ट बसणारं आधीच हवं. त्यानंतर आधी ग्लोव्हज. मग बूट. मग जॅकेट.

ग्लोव्हज आधी का? पडताना हात आपोआप पुढे जातो, तो कुणाला थांबवता येत नाही. तळहात रस्त्याला चिकटला आणि शरीर पुढे गेलं की मनगट मोडतं. अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला महिने घेतं. तळव्यावर टणक, गुळगुळीत पट्टी असलेले ग्लोव्हज घ्या, हात चिकटण्याऐवजी घसरतो. मनगटाचा पट्टा लावून बोटं ओढून बघा. निसटले तर परत ठेवा.

दुकानात एक डिलिव्हरी करणारा मुलगा आला होता. परभणीकडचा. दिवसाला दहा-बारा तास गाडीवर, खिशात तीन हजार, आणि अंगावर कंपनीचा पातळ टी-शर्ट, जो घालावाच लागतो. तीन हजारात त्याला जॅकेट देणं म्हणजे फसवणूकच झाली असती. त्याला पट्टीवाले ग्लोव्हज दिले आणि पँटवरून बांधायचे नी गार्ड. उरलेल्या पैशांत म्हटलं, बाहेरून घोट्याच्या वर येणारे साधे बूट घे. पावसाळ्यात तो परत आला, उजवा ग्लोव्ह दाखवायला. स्वारगेटजवळ ऑइलवरून घसरला होता. तळव्याची पट्टी अर्धी झिजलेली. त्याने नवीन जोडी घेतली आणि संध्याकाळच्या शिफ्टला गेला. एक दिवस हात प्लास्टरमध्ये म्हणजे त्याचा एक दिवस बिनपगारी, आणि असे किती दिवस गेले असते?

साध्या बुटांबद्दल मी उगाच बोललो नव्हतो. ऑस्ट्रेलियात लिझ द रोम यांनी अपघात झालेल्या २१२ रायडरचा अभ्यास केला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रायडिंगचे नसलेले साधे बूटसुद्धा कॅनव्हास-स्पोर्ट्स शूजच्या तुलनेत पायाच्या इजेचा धोका निम्म्याहून खाली आणत होते. रायडिंग ग्लोव्हज घातलेल्यांना आणि रायडिंग पँट घातलेल्यांना हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ साधारण निम्मी किंवा त्याहून कमी आली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ऐका. जवळपास तीस टक्के रायडिंग जॅकेटं अपघातात फाटून निकामी झाली. आणि पॅडमुळे हाड मोडणं कमी झालं, असं काही दिसलं नाही. कातडी, मांस, सांधे वाचतात. जॅकेट घातलं म्हणून घाटात ट्रकला ओव्हरटेक करायची सूट मिळत नाही.

तर दहा हजार: दोन-अडीच ग्लोव्हजना, दीड-दोन बुटांना, उरलेल्यात लेबल असलेलं साधं मेश जॅकेट. बॅक प्रोटेक्टर पुढच्या पगारात.

आणि मागे बसणारी व्यक्ती. तिला कुणी गिअर घेत नाही. बायको, बहीण, मित्र, आई. पडताना तिच्या हातात हँडलही नसतं. हेल्मेट कायद्यानेच तिलाही लागतं. शिवाय ओढणी आणि पदर. ते चाकात गेलं की थेट गळ्याला फास. ओढणी जॅकेटच्या आत, साडीचा पदर खोचलेला, आणि गाडीचं साडी गार्ड 'लुक खराब होतो' म्हणून काढून टाकू नका. स्कार्फवाल्या मुलींनो, हनुवटीखाली जाड गाठ नको, हेल्मेटचा पट्टा घट्ट बसत नाही.

खरेदीला जाताना स्वतःची गाडी घेऊन जा. जॅकेट घालून पार्किंगमध्ये पाच मिनिटं गाडीवर बसा, मान वळवून मागे बघा, हँडल पूर्ण फिरवा. दुकानदार बाहेर न्यायला नाही म्हणाला, तर गाडीची चावी काउंटरवर ठेवा आणि मग न्या. मी असताना आम्ही असंच करायचो.

पुढच्या भागात टायर. प्रश्न पाठवा, आणि गाडीचं मॉडेल लिहायला विसरू नका.